गणेशखिंडीचे आवार: पुढच्या भूमिपूजनाआधी नकाशा मांडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या गणेशखिंड आवाराचा विषय निघाला की माजी विद्यार्थ्यांचे बोलणे हमखास दोन वाटांनी जाते. कोणी म्हणते, आमच्या वेळी काय झाडी होती, काय शांतता होती. कोणी म्हणते, आता काय इमारती झाल्यात, काय प्रयोगशाळा आल्यात. दोन्ही खरे आहे, पण त्यातून हाती काही लागत नाही. आम्ही या आवारात वेगवेगळ्या दशकांत शिकलेले आणि पुढे भूजल, बांधकाम, वनस्पती, जुन्या इमारतींची देखभाल अशा कामांत रमलेले काही जण आहोत. आवार वाढते तेव्हा नेमके काय बदलते, कुठे बिघडते आणि ते मोजायचे कसे, हे मांडावे म्हणून हा पत्रप्रपंच. पत्र लांबले आहे, पण विषय ४११ एकरांचा आहे.

विद्यापीठ १० फेब्रुवारी १९४९ रोजी स्थापन झाले तेव्हा संलग्न महाविद्यालये १८ होती आणि कार्यक्षेत्र १२ जिल्ह्यांचे होते. बॅ. मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू. गव्हर्नरांचा जुना बंगला आणि त्याभोवतीची जमीन विद्यापीठाला मिळाली. पुढे कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झाले, कार्यक्षेत्र पाच जिल्ह्यांवर आले. १९९० मध्ये जळगावला स्वतंत्र विद्यापीठ झाल्यावर पुणे, नगर आणि नाशिक एवढे तीनच जिल्हे उरले. कार्यक्षेत्राचा नकाशा असा आक्रसत गेला आणि आवार मात्र भरत गेले. विभाग वाढले, वसतिगृहे वाढली. १९८८ मध्ये खगोलशास्त्राची संशोधन संस्था आयुका आली, त्याच सुमारास प्रगत संगणनाची सी-डॅक उभी राहिली, पुढे पेशी विज्ञान केंद्र आणि रेडिओ खगोलशास्त्राचे एनसीआरए यांनीही इथेच बस्तान बसवले. ४११ एकरांचा आकडा आजही सांगितला जातो, पण त्यातली मोकळी जमीन किती, हे सांगणारा आकडा सर्वांसमोर नाही. आमचे म्हणणे एवढ्याभोवतीच आहे.

जुन्या शांततेबद्दल एक गोष्ट स्पष्ट म्हणायला हवी. ते आवार शांत होते कारण तिथवर पोचणारे थोडे होते. खेड्यातून आलेल्या, घरातून पहिल्यांदाच पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या मुलामुलींना खोली हवी, अभ्यासिका हवी, स्वस्तात जेवण हवे. त्यासाठी इमारत लागणारच. वाढीला विरोध करणे म्हणजे त्यांना दाराबाहेर ठेवणे, आणि ते आम्हाला मुळीच मान्य नाही. तक्रार आहे ती हिशेब न मांडता वाढण्याबद्दल.

एक उदाहरण घ्या. चाळीस बाय पन्नास मीटरची इमारत. कागदावर तिने २,००० चौरस मीटर जमीन व्यापली. पण अग्निशमनाची गाडी फिरायला भोवताली ६ मीटरचा रस्ता ठेवावा लागतो, त्याचे सव्वाबाराशे चौरस मीटर होतात. चारचाकी उभी करायला अडीच बाय पाच मीटरचा चौकोन लागतो आणि गाडी वळवायची जागा धरली तर एका गाडीमागे पंचवीस ते तीस चौरस मीटर जातात. पन्नास गाड्यांचा वाहनतळ म्हणजे साडेबाराशे ते पंधराशे. रोहित्र, जनित्र आणि पाण्याची टाकी अजून धरलेली नाही, तरी बेरीज साडेचार हजारांवर जाते. एकर ४,०४७ चौरस मीटरचा. म्हणजे अर्ध्या एकराची म्हणून मंजूर झालेली इमारत एकराहून जास्त जमीन झाकते. भूमिपूजनाच्या फलकावर फक्त पहिला आकडा असतो. दहा इमारतींनंतर हा फरक सहा-सात एकरांचा होतो.

वाहनतळाचे गणित तर सरळ आहे. एका मोटारीच्या जागेत आठ-दहा दुचाकी मावतात आणि सायकली त्याहून जास्त. आवारात फिरती बस दर दहा मिनिटांनी असेल आणि सावलीचा सलग पदपथ असेल, तर वाहनतळाची मागणी आपोआप घटते. आधी वाहनतळ बांधून मग पदपथाचा विचार केला तर पदपथासाठी जागाच उरत नाही. पदपथाची स्वच्छ रुंदी निदान १.८ मीटर हवी, म्हणजे चाकाच्या दोन खुर्च्या एकमेकींना ओलांडू शकतात. विजेचा खांब, फलक, कचऱ्याचा डबा या रुंदीच्या बाहेर. जुन्या इमारतींच्या जोत्याला उतारमार्ग जोडतानाही गल्लत होते. प्रमाण एकास बारा असावे लागते. जोते ४५ सेंटिमीटर उंच असेल तर उतार ५ मीटर ४० सेंटिमीटर लांब पडतो आणि खाली-वर दीड-दीड मीटरचा सपाट भाग वेगळा. जागा नाही म्हणून तो तीन मीटरांत बसवला की चाकाची खुर्ची स्वतः ढकलत वर जाणे अशक्य होते. दिव्यांग हक्क कायदा २०१६ पासून आहे. त्याची पूर्तता उतारमार्ग आहे की नाही यावर ठरत नाही, खुर्चीवरचा माणूस कोणाच्या मदतीशिवाय वर जातो की नाही यावर ठरते.

आता पाण्याकडे येऊ. पुण्याचा सरासरी पाऊस वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास आहे. ४११ एकरांवर तो पडला की सुमारे ११६ कोटी लिटर पाणी होते. मातीवर, गवतावर, झाडोऱ्यात पडलेल्या पाण्याचा मोठा भाग मुरतो किंवा तिथेच थांबतो. डांबर, काँक्रीट आणि घट्ट बसवलेल्या फरशीवरून मात्र ऐंशी-नव्वद टक्के पाणी वाहून जाते. एक हेक्टर माती झाकली की वर्षाला अंदाजे पंचेचाळीस लाख लिटर जास्तीचे पाणी रस्त्यावर आणि गटारात येते. इथले पाणी शेवटी मुळा नदीला मिळते, पण त्याआधी ते उताराच्या खालच्या अंगाला असलेल्या इमारतींच्या तळघरांत शिरते, चेंबर उसळवते आणि चौकात साचते. नव्वद वर्षे जिथे पाणी साचले नाही तिथे ते आता का साचते, याचे उत्तर पावसात शोधण्याआधी वरच्या अंगाला काय झाकले गेले ते पाहावे.

यावर सरसकट उपाय सांगितला जातो तो शोषखड्ड्यांचा. आमच्यातल्या भूजलवाल्यांचे याबाबत ठाम मत आहे की खड्डा कुठे खणायचा हे ठरवल्याशिवाय खणू नये. आपल्या पायाखाली बेसॉल्टचे थर आहेत. वर माती, मग मुरूम, मग कुठे सच्छिद्र खडक, तर कुठे एकसंध काळा पाषाण. मुरमात आणि भेगाळलेल्या खडकात पाणी उतरते, एकसंध पाषाणात थेंबही उतरत नाही. अशा जागी खणलेला खड्डा जून ते सप्टेंबर डासांचे डबके होऊन बसतो आणि पुढच्या वर्षी कोणीतरी तो राडारोडा टाकून बुजवतो. म्हणून आधी चाचणी खड्डा घ्यावा, साधारण एक मीटर लांब-रुंद आणि दीड-दोन मीटर खोल. तो पाण्याने काठोकाठ भरून मुरू द्यावा, दुसऱ्यांदा भरावा आणि तेव्हा पातळी तासाला किती उतरते ते मोजावे. पहिल्या भरण्याचे मोजमाप धरू नये, कारण कोरडी माती सुरुवातीला भसाभस पाणी पिते. दुसऱ्या वेळीही तासाला पाच-सात सेंटिमीटर पाणी उतरत असेल तर जागा चांगली. पातळी हललीच नाही तर ती जागा सोडून पुढे जावे.

छतावरचे पाणी विंधन विहिरीत सोडायचे असेल तर गाळणीला पर्याय नाही. १,००० चौरस मीटर छतावर वर्षाला साडेपाच लाख लिटरहून थोडे जास्त पाणी मिळते. पहिल्या पावसाचे दोन मिलिमीटर, म्हणजे या छताचे २,००० लिटर, वेगळ्या नळीने बाहेर काढून टाकावे, कारण त्यात उन्हाळाभराची धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा असते. मग खाली मोठी खडी, वर बारीक खडी, सर्वांत वर वाळू अशी गाळणी. बिघाड नेहमी वाळूच्या वरच्या थरात होतो. त्यावर चिकट गाळाची साय धरते आणि पाणी तुंबून परत छताकडे फुगते. दर मे महिन्यात वरची पाच सेंटिमीटर वाळू खरवडून बदलली की गाळणी वर्षानुवर्षे चालते. हे काम कोणाच्या जबाबदारीत लिहिलेले नसते, म्हणून तिसऱ्या पावसाळ्यात कोणीतरी वैतागून नळी तोडून टाकतो आणि अहवालात मात्र "पर्जन्यजल संधारण आहे" असे राहते.

या पाण्याकडून भलत्या अपेक्षाही ठेवू नयेत. वसतिगृहात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात. हजार विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाला दिवसाला १ लाख ३५ हजार लिटर लागतात, म्हणजे वर सांगितलेल्या छताचे वर्षभराचे पाणी चार दिवसांत संपेल. जमिनीत मुरवणे हाच त्याचा खरा उपयोग. वसतिगृहांची खरी बचत सांडपाण्यात आहे. न्हाणीघराचे आणि धुण्याचे पाणी स्वच्छ करून बागेला आणि शौचालयाला वापरता येते. पण शैक्षणिक आवारात सांडपाणी प्रकल्प एका विशिष्ट कारणाने बंद पडतात आणि ठेकेदार ते आधी सांगत नाहीत. प्रकल्पातले जिवाणू रोजच्या सांडपाण्यावर जगतात. दिवाळीत आणि मे महिन्यात वसतिगृह रिकामे झाले की त्यांची उपासमार होते. विद्यार्थी परत आले की सगळे पाणी एकदम येते, जिवाणूंची फौज पुन्हा उभी राहायला दोन-तीन आठवडे लागतात आणि तेवढ्या काळात दुर्गंधी सुटते. तक्रारी येतात, प्रकल्प बंद होतो, पुन्हा सुरू होत नाही. यावर उतारा म्हणजे एक मोठी टाकी न बांधता दोन-तीन लहान टाक्या बांधाव्यात. सुट्टीत एकच चालू ठेवून आवारातल्या निवासस्थानांचे सांडपाणी तिच्याकडे वळवावे आणि विद्यार्थी परतण्याच्या पंधरा दिवस आधी तिच्यातला गाळ इतर टाक्यांत विरजणासारखा घालावा.

झाडांबद्दल सर्वांत जास्त बोलले जाते आणि सर्वांत कमी मोजले जाते. झाड तोडले की लोक जमतात, ते योग्यच. गणेशखिंड रस्त्याच्या रुंदीकरणातील झाडांचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला, तो नागरिक जागे होते म्हणूनच. पण मोठ्या आवारात झाड कुऱ्हाडीने मरते त्याहून जास्त वेळा ते केबलच्या चराने आणि फरशीने मरते, आणि ते मरण कोणाच्या डोळ्यांत येत नाही.

पर्जन्यवृक्षाच्या एखाद्या जुन्या खोडापाशी वाकून पाहावे. फरशीचे ठोकळे अगदी सालीला टेकवून बसवलेले असतात, फटींत सिमेंटची रबडी भरलेली असते. खोड जाड होत जाते तशी साल त्या कडेवर दाबली जाते, तिथे ओल साचते, साल मऊ पडते आणि बोटाने दाबली तर आत जाते. त्यातून बुरशी शिरते. वर पालवी हिरवीगार असते, म्हणून कोणाला संशय येत नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीच्या झाडांबाबत खोडाभोवती किमान एक मीटर जागा मोकळी करण्याचा आदेश दिला होता. पुण्यातही एवढे करायला कोणाच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. ठोकळे पहारीने आणि हातोडीने काढावेत, जेसीबी अजिबात लावू नये, कारण एका फटक्यात तो वरची मुळे उपटतो. मोकळ्या झालेल्या कड्यात मातीचा ढीग करू नये, खोडाचा बुंधा जिथे रुंदावतो ती जागा उघडी राहिली पाहिजे. वर पालापाचोळ्याचे पाच-सात सेंटिमीटर आच्छादन पुरे.

चराचे नुकसान त्याहून फसवे असते. झाडाची अन्नपाणी शोषणारी बहुतेक मुळे वरच्या साठ सेंटिमीटर मातीत असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरपर्यंत पसरलेली असतात. इंटरनेटची केबल, पाण्याची वाहिनी, विजेची वाहिनी यांचे चर बरोबर तेवढ्याच खोलीतून जातात. खोडापासून दीड मीटरवर सरळ चर मारला की त्या बाजूची मुळे कापली जातात. झाड लगेच पडत नाही. दोन-तीन पावसाळे जातात, माती भिजून सैल होते आणि मग वळवाच्या वाऱ्यात ते कापलेल्या बाजूच्या विरुद्ध दिशेला कोसळते. पंचनाम्यात "वादळाने पडले" असे लिहिले जाते. खोडाच्या व्यासाच्या बारा पट अंतर सोडावे, हा जाणकारांचा साधा नियम. खोड ५० सेंटिमीटर व्यासाचे असेल तर ६ मीटर. तेवढी जागाच नसेल तर चर न मारता एक मीटरहून खोल आडवे छिद्र पाडून वाहिनी न्यावी. खर्च जास्त येतो, पण एकदाच येतो. सर्व वाहिन्यांसाठी एकच सामाईक नाली आखली तर तीन ठेकेदार तीनदा रस्ता उकरत नाहीत.

राज्याच्या झाडे जतन कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली आणि पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसावृक्षाचा दर्जा मिळाला. तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याची अट आली. या आवारात असे वृक्ष भरपूर असणार. पण वयाची आणि घेराची नोंद आधीच झालेली नसेल तर तोडण्याच्या वेळी वय कोण ठरवणार? घेर जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर मोजायचा, फितीने, आणि दर पाच वर्षांनी त्याच बाजूने पुन्हा मोजायचा. "कमवा आणि शिका" योजनेतल्या विद्यार्थ्यांना हे काम द्यावे. बागेत पाणी घालण्याइतकेच ते कष्टाचे आहे, आणि वनस्पतिशास्त्र किंवा भूगोल शिकणाऱ्याला त्यातून शिकायलाही मिळते.

पालापाचोळा जाळण्याबाबत फार लिहीत नाही. तीन भाग वाळका पाला, एक भाग खाणावळीचा ओला कचरा, वर शेणकाला, दर पंधरा दिवसांनी उलथापालथ. चार-पाच महिन्यांत खत तयार. नुसता वाळका पाला खड्ड्यात टाकला तर तो वर्षभर तसाच राहतो, कारण त्यात नत्र कमी असते. मग कोणीतरी काडी लावतो.

मुख्य इमारतीचा, म्हणजे गव्हर्नरांच्या त्या जुन्या बंगल्याचा, विषय वेगळा आहे. १८६४ मध्ये, मुंबई कापसाच्या तेजीवर असताना, गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत हे काम सुरू झाले आणि त्याच्या खर्चावरून पार विलायतेत टीका झाली. वास्तुविशारद जेम्स ट्रबशॉ. काही वर्षांपूर्वी इमारतीचे जतनकाम झाले, ही समाधानाची गोष्ट. आता पुढची पन्नास वर्षे ती टिकेल की नाही हे डागडुजी कशाने होते यावर ठरेल. दगडी भिंतीच्या सांध्यांत चुना आहे. चुना मऊ असतो, भिंतीतली ओल सांध्यातून बाहेर पडू देतो आणि क्षार चुन्यातच फुलतात. तिथे सिमेंट भरले की ओल कोंडते, मग ती दगडातून वाट काढते आणि दगडाचा दर्शनी पापुद्रा सुटू लागतो. सांधा शाबूत दिसतो, दगड झिजतो. म्हणून सांधा पंचवीस मिलिमीटरपर्यंत हाताने खरवडून, धुऊन, भिजवलेला मुरलेला चुना, वाळू आणि सुरखी (भाजक्या विटेची पूड) यांचा गारा भरावा आणि निदान दहा दिवस ओल्या गोणपाटाखाली ठेवावा. भर पावसात आणि भर उन्हात हे काम करू नये. वड-पिंपळाची रोपे वर्षातून दोनदा काढावीत, पावसाळ्याआधी आणि दसऱ्यानंतर. करंगळीएवढे असताना ते मुळासकट निघते. मनगटाएवढे झाले की दगड हलवल्याशिवाय निघत नाही. वरून नुसते छाटले तर मूळ आत जाडच होत राहते.

नव्या बांधकामांनी त्या बंगल्याची नक्कल करावी असे आम्हाला वाटत नाही. आयुकाची इमारत चार्ल्स कोरिया यांनी आखली तेव्हा जुन्या वास्तूची कमानही उचलली नाही. मध्यभागी पायऱ्यांचे कुंड ठेवले, भोवती खोल्या मांडल्या, आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे त्या मोकळ्या जागेत आणले. येणारा-जाणारा त्या चौकातून जातो, थांबतो, बोलतो. बांधलेल्या भागाइतकाच विचार न बांधलेल्या भागाचा केला की वाढही सुखाची होते, हे याच आवारात सिद्ध झालेले आहे. मात्र प्रत्येक संस्थेचे स्वतंत्र फाटक आणि स्वतंत्र कुंपण झाले की संपूर्ण आवाराची पायवाट तुटते. दोन विभागांमधले सरळ अंतर चारशे मीटर असताना विद्यार्थ्याला वळसा घालून किलोमीटरभर चालावे लागत असेल, तर तो दुचाकीच आणणार. कुंपणाला दिवसा उघडे राहणारे पादचारी दार ठेवणे हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय.

आवाराबाहेरच्या चौकाने तर सर्वांना धडा दिलेला आहे. विद्यापीठ चौकात २००६ मध्ये उड्डाणपूल झाला. मेट्रो त्या पुलाशी जुळेना म्हणून २०२० मध्ये तो पाडावा लागला, आणि त्याच जागी दुमजली पूल आणि वरून हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोचा मार्ग आला. चौदा वर्षांत बांधणे आणि पाडणे दोन्ही झाले. पुढे काय येणार याचा एकत्रित नकाशा समोर नसला की सार्वजनिक पैसा असा जातो. मेट्रो सुरू झाल्यावर आवारात पायी येणारे वाढणार आहेत. स्थानकापासून विभागांपर्यंतचा पदपथ, रात्रीचे दिवे, पावसातला आडोसा हे आत्ताच आखले तर वाहनतळावर जाणारा एकरभर तरी वाचेल.

म्हणून आमची मागणी एकच. विद्यापीठाने संपूर्ण आवाराचा एक खुला नकाशा तयार करावा, तो संकेतस्थळावर ठेवावा, दर वर्षी अद्ययावत करावा आणि त्यावर जागा, झाडे, पाणी यांचा परिणाम दाखवल्याशिवाय कुठल्याही नव्या इमारतीचे भूमिपूजन करू नये. हे अवाढव्य काम नाही. ४११ एकर म्हणजे सुमारे १६६ हेक्टर. पन्नास बाय पन्नास मीटरचे चौकोन पाडले तर ६६५ च्या आसपास होतात. दोघांच्या जोडीने दिवसाला चार चौकोन केले तर वीस जोड्यांना नऊ दिवस लागतात. प्रत्येक चौकोनात किती भाग माती, किती फरशी, किती छत. कोणती झाडे, त्यांचा घेर. चेंबर आणि वाहिन्या कुठे. पाणी कुठून कुठे वाहते. शेवटची नोंद मात्र कोरड्या दिवशी करून चालत नाही. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन उभे राहावे लागते. भूगोल, भूविज्ञान, वनस्पतिशास्त्र, पर्यावरणशास्त्र असे चारही विभाग आवारातच आहेत. बाहेरचा सल्लागार नेमण्याची गरज नाही.

माजी विद्यार्थ्यांनाही दोन शब्द. देणगी द्यायची म्हटले की सभागृह, प्रवेशद्वार, नावाची पाटी हेच डोळ्यांसमोर येते. इमारतीच्या देखभालीला वर्षाला बांधकाम खर्चाच्या दोन टक्के रक्कम लागते, हा ढोबळ अंदाज. पाच कोटींच्या इमारतीला वर्षाला दहा लाख. सात टक्के व्याज धरले तर त्यासाठी सुमारे १ कोटी ४३ लाखांची ठेव हवी. ज्यांना पाच कोटींची इमारत द्यायची आहे त्यांनी साडेतीन कोटींची द्यावी आणि उरलेले दीड कोटी तिच्या देखभालीच्या ठेवीत घालावेत. गळकी गच्ची, बंद लिफ्ट आणि तुटलेली गाळणी यांसाठी दरवर्षी हात पसरावे लागणार नाहीत.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा २०१६ नुसार अधिसभेवर (सिनेटवर) नोंदणीकृत पदवीधरांतून दहा प्रतिनिधी निवडून जातात आणि विद्यापीठाचा अर्थसंकल्प याच अधिसभेपुढे येतो. पदवी घेतली म्हणजे मतदार झालो असे नाही, वेगळी नोंदणी करावी लागते. ती बहुतेकांनी केलेली नसते. आवार बदलले म्हणून हळहळणाऱ्या प्रत्येकाने आधी ती करावी आणि आपल्या प्रतिनिधीकडून पुढच्या अर्थसंकल्पी बैठकीत तीन प्रश्न लेखी विचारून घ्यावेत. गेल्या दहा वर्षांत किती चौरस मीटर माती झाकली गेली? वारसावृक्षांची यादी कुठे आहे? चालू स्थितीतल्या गाळण्या आणि सांडपाणी प्रकल्प किती आणि त्यांच्या देखभालीची तरतूद कुठल्या शीर्षाखाली आहे?

नकाशाच्या कामासाठी चौकोनांची आखणी, नोंदीचा तक्ता आणि विद्यार्थ्यांना दोन दिवसांचे प्रशिक्षण देण्याची आमची तयारी आहे, विनामोबदला. मोजणी मे महिन्यात सुरू झाली तर पाण्याच्या नोंदी त्याच वर्षीच्या पावसात पूर्ण होतील.

कळावे,
आपले,
गणेशखिंड आवारात शिकलेले काही माजी विद्यार्थी, पुणे